पौंडाला दोन भाव असतात: लंडनच्या पगाराचा हिशोब नीट समजून घेऊया

मागच्या महिन्यात आमच्या फॅमिली ग्रुपवर मावशीचा मेसेज आला, हात जोडलेल्या आठ-दहा इमोजींसकट. मावसभावाला लंडनमध्ये सिव्हिल इंजिनिअरची नोकरी लागली, वर्षाला ५०,००० पौंड. पाच मिनिटांत काकांनी कॅल्क्युलेटर काढला, पौंड ११५ रुपयांचा धरला आणि आकडा टाकला: ५७ लाख ५० हजार. मग काय, एकाने विश्रामबागेत फ्लॅट बघायला सांगितलं, दुसऱ्याने विचारलं की आता सांगलीत गाडी कुठली घेणार, आणि शेवटी मला टॅग करून प्रश्न आला, "तू नऊ वर्षं तिकडे आहेस, तुला तर माहितीच असेल, मज्जा आहे ना?"

मी अंगठा दाखवला आणि गप्प बसलो, कारण ग्रुपवर खरं सांगितलं तर "याला बघवत नाही" असं होतं. पण रात्री भावाचा फोन आला, "दादा, खरंच किती उरतात रे?" हा खरा प्रश्न, आणि तो विचारणारे बरेच जण असतात म्हणून सगळं इथे लिहितोय. उदाहरणाला त्याचाच पगार घेतलाय. आकडे २०२५ चे, आणि रुपयांत मांडताना पौंड ११५ चाच धरूया, काकांचं मन मोडायला नको.

आधी मूळ मुद्दा: एका पौंडाला दोन भाव

विमानतळावर पौंड बदलला की ११५ रुपये मिळतात, हा एक भाव. पण लंडनमध्ये राहून तोच पौंड खर्च करायला गेलात की त्यात ११५ रुपयांचं सामान येत नाही. सांगलीत एक टोपली भरायची, त्यात घरभाडं, भाजी, केस कापणं, डॉक्टर, बसचं तिकीट सगळं टाकायचं, आणि तीच टोपली ब्रिटनमध्ये भरायला किती पौंड लागतात ते बघायचं. त्यावरून जो भाव निघतो त्याला क्रयशक्ती समानता म्हणतात. नाव जड आहे, आपण याला 'टोपलीचा भाव' म्हणू. जागतिक बँकेच्या आकड्यांवरून हा टोपलीचा भाव एका पौंडाला ढोबळमानाने तीसेक रुपये येतो. हो, तीस. आणि ही अख्ख्या देशाची सरासरी झाली, लंडन म्हणजे ब्रिटनच्याही वरचं महाग.

म्हणजे ५०,००० पौंड लंडनमध्येच खर्च करणाऱ्या माणसाचं राहणीमान हे भारतात साधारण १५ लाखवाल्याचं. वाईट नाही, पण ५७ लाखवाल्याचं तर अजिबात नाही.

आता गंमत अशी की जो पौंड तुम्ही खर्च केला नाही आणि घरी पाठवला, तो मात्र अख्खा ११५ चा. खर्चताना तीसचा, वाचवताना एकशे पंधराचा. काकांनी गुणाकार बरोबर केला होता, फक्त पगाराला केला. तो महिन्याच्या शेवटी जे उरतं त्याला करायचा असतो. बाकीचा लेख म्हणजे ते उरलेलं किती, एवढंच.

मग नक्की काय महाग असतं?

सगळं महाग नसतं हे आधी सांगतो. जे जहाजातून येतं ते दोन्हीकडे उन्नीस-बीस, म्हणजे फोन, लॅपटॉप, कपडे. तूरडाळ, तांदूळ, ज्वारीचं पीठ सगळं वेंबलीच्या ईलिंग रोडवर मिळतं, जरा जास्त पैसे पडतात पण डोळे पांढरे होत नाहीत. महाग काय, तर ज्यात माणसाचा वेळ आहे आणि ज्यात लंडनची जमीन आहे ते. प्लंबर नुसता दारात आला तरी आपली एक आठवड्याची भाजी गेली समजा. आपल्याकडे पोळ्यावाल्या मावशी, धुणंभांडी, इस्त्रीवाला, नळवाला हे सगळं परवडतं कारण त्यांना आपण फार कमी देतो (कडू आहे पण खरंय). इथे त्यांचाही पगार धड असतो, म्हणून ती कामं तुम्ही स्वतः करता. मी इथे येऊन पहिल्या वर्षात शिकलो ते बॉयलरचं प्रेशर वाढवणं, कमोडची टाकी दुरुस्त करणं आणि बायकोकडून केस कापून घेणं. तिसऱ्याचे फोटो उपलब्ध नाहीत.

हातात किती येतात

भारतात सीटीसी म्हणून जो आकडा सांगतात त्यात कंपनीचा पीएफ, ग्रॅच्युइटी असं बरंच कोंबलेलं असतं. इथे ५०,००० म्हणजे खरंच ५०,०००, कंपनी तुमच्या पेन्शनमध्ये जे टाकते ते वरून वेगळं. तेवढा प्रामाणिकपणा आहे.

त्यातून कापलं काय जातं ते बघा. पहिल्या १२,५७० पौंडांवर इन्कम टॅक्स नाही, त्याच्या पुढच्या ३७,४३० वर २० टक्के, म्हणजे ७,४८६. त्याच रकमेवर ८ टक्के नॅशनल इन्शुरन्स, म्हणजे सरकारी पेन्शन वगैरेसाठीची सक्तीची वर्गणी, साधारण २,९९४. आणि पेन्शनचे तुमचे ५ टक्के, ते पगाराच्या ठराविक भागावरच धरतात आणि टॅक्समध्ये थोडी सूट मिळते त्यामुळे खिशातून वर्षाला १,७५० च्या आसपास जातात. पेन्शनमधून बाहेर पडता येतं, पुष्कळ आपली पोरं पहिल्याच महिन्यात पडतात, पण मग कंपनीचे किमान ३ टक्के पण सोडावे लागतात, तेव्हा असलं शहाणपण करू नका.

सगळं जाऊन वर्षाला ३७,७७० उरतात, महिन्याला धरा ३,१५०. हा आकडा लक्षात ठेवा, सगळी मारामारी याच्यावरच आहे.

भाडं, म्हणजे खरा व्हिलन

ब्रिटनच्या सरकारी आकड्यांनुसार २०२५ मध्ये लंडनचं सरासरी खाजगी भाडं महिन्याला २,२०० पौंडांच्या वर गेलं. ३,१५० मधून २,२०० गेले तर खायचं काय, म्हणून नवीन आलेला माणूस सरासरी घरात राहतच नाही, तो खोली घेतो. ईस्ट हॅम, हाउन्स्लो, हॅरो, वेंबली या भागांत चार-पाच जणांच्या घरातली एक खोली, किचन आणि बाथरूम सगळ्यांचं मिळून, ८५० च्या आसपास बिलांसकट मिळते. पुण्यात पोरं कॉट बेसिसवर राहतात त्याची ही जरा सुधारलेली आवृत्ती, फक्त इथे राहणाऱ्यांत पस्तीशीचे आर्किटेक्ट आणि शाळेतले मास्तर पण असतात आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही.

जाहिरात वाचताना एक खड्डा आहे ज्यात मी स्वतः पडलोय. भाडं पुष्कळदा आठवड्याचं लिहितात. "४०० पौंड आठवडा" वाचून मी मनात चारने गुणलं, १,६०० झाले, वा म्हणलं बसतंय. पण वर्षाचे आठवडे ५२, अठ्ठेचाळीस नाही! ४०० गुणिले ५२ भागिले १२ म्हणजे १,७३३. महिन्याला १३३ पौंडांचा फरक, आणि हे मला करारावर सही करायच्या आदल्या दिवशी कळलं, तेही एजंटने मेलमध्ये महिन्याचा आकडा लिहिला म्हणून.

दुसरं म्हणजे एजंट तुमचा पगार महिन्याच्या भाड्याच्या ३० पट आहे का बघतात. ५०,००० भागिले ३० म्हणजे १,६६६, याच्या वरचं घर दाखवतच नाहीत शक्यतो. त्यात तुमची इथली क्रेडिट हिस्टरी कोरी असते, भारतातला सिबिल स्कोअर ८०० असो नाहीतर हजार, इथे त्याला कोणी विचारत नाही. आधी अशा लोकांकडून सहा-सहा महिन्यांचं भाडं आगाऊ मागायचे. २०२५ मध्ये रेंटर्स राइट्स ॲक्ट, म्हणजे भाडेकरूंच्या हक्कांचा कायदा आला आणि १ मे २०२६ पासून इंग्लंडमध्ये एका महिन्यापेक्षा जास्त आगाऊ भाडं घेता येत नाही. चांगलंच आहे, पण मालकाला भीती वाटली की तो जामीनदार मागतो, आणि जामीनदार ब्रिटनमधलाच हवा असतो, म्हणजे पहिल्या घराला कोणीतरी ओळखीचं माणूस लागतंच. (भावाच्या बाबतीत तो बकरा कोण हे तुम्हाला कळलं असेल.) डिपॉझिटवर मात्र कायद्याने मर्यादा आहे, साधारणपणे पाच आठवड्यांचं भाडं, आणि मालकाने ते ३० दिवसांत सरकारमान्य स्कीममध्ये ठेवावं लागतं. त्याची पावती मागून घ्या. मी मागितली नव्हती, आणि भिंतीवरच्या ओलीच्या डागासाठी, जो मी जायच्या आधीपासून होता, माझे ३०० पौंड गेले.

यावर काउन्सिल टॅक्स वेगळा, आपल्या घरपट्टीसारखा, पण तो मालक नाही, राहणारा भरतो. घर कुठल्या बँडमध्ये, म्हणजे कराच्या गटात, हे १ एप्रिल १९९१ ला त्याची किंमत किती झाली असती यावरून ठरतं, आजही. आणि दर प्रत्येक बरोचा (लंडनमधल्या छोट्या महापालिकाच समजा) वेगळा, वेस्टमिन्स्टर आणि वॉन्ड्सवर्थमध्ये स्वस्त, किंग्स्टनमध्ये त्याच बँडला दुपटीहून जास्त. एकटे राहत असाल तर २५ टक्के सूट. खोली घेतलीत तर बहुतेक वेळा भाड्यातच धरलेला असतो.

एकच पगार, तीन महिनाअखेरी

आता जोडून बघू. भाऊ एकटा आला, ८५० ची खोली घेतली, २०० प्रवासाला (झोन १ ते ३, म्हणजे लंडनच्या मध्यापासून थोड्या बाहेरपर्यंतचा, महिन्याचा ट्रॅव्हलकार्ड पास तेवढ्याला पडतो), ३०० खाण्याला, ३५० बाकी, म्हणजे फोन, कपडे, कधी मित्रांबरोबर बाहेर, गावी जायच्या तिकिटासाठी बाजूला. उरले १,४५०. गुणिले ११५ म्हणजे महिन्याला १ लाख ६६ हजार. हे खरंच भारी आहे, सांगलीत बसून एवढी बचत करायला पगार किती लागेल बघा.

तोच भाऊ म्हणाला मला स्वतःचं घर हवं, दुसऱ्याच्या मशरूम पिझ्झाच्या वासात मी चहा पिणार नाही. वन बेडरूम १,५००, काउन्सिल टॅक्स १००, वीज-गॅस-पाणी-इंटरनेट १५०, प्रवास, खाणं, बाकी तेच. उरले ५५०. म्हणजे ६३ हजार. एका दरवाज्याची किंमत लाखभर रुपये महिना.

आणि त्याची बायको आणि दोन वर्षांची मुलगी पण आली, तेच वन बेडरूम, पण काउन्सिल टॅक्सची सूट गेली, हीटिंग दिवसभर चालू, खाणं साडेपाचशेवर. मी त्याच्याबरोबर फोनवर कागदावर मांडलं तर शेवटी १०० पौंड उरले. साडेअकरा हजार रुपये. ५७ लाखवाला माणूस!

तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, "दादा हा कागद ग्रुपवर टाकू नको."

"पण बायको पण नोकरी करेल की"

करेल, आणि इथेच चित्र बदलतं. स्किल्ड वर्कर व्हिसावर, म्हणजे भावासारखं इथल्या कंपनीच्या नोकरीवर, आलेल्याच्या जोडीदाराला जवळपास कुठलंही काम करायची परवानगी असते, अमेरिकेत एच-फोरवर, म्हणजे तिकडच्या जोडीदार-व्हिसावर, होते तशी अडवणूक नाही. दुसरा पगार आला की त्यावर १२,५७० ची सूट परत नव्याने मिळते, कारण टॅक्स प्रत्येकाचा वेगळा.

पण मग मुलगी कुठे? लंडनमध्ये दोन वर्षांच्या मुलाची फुल टाइम नर्सरी महिन्याला दीड हजार पौंडांच्या पुढे सहज जाते. तुम्ही बातमीत वाचलं असेल की सप्टेंबर २०२५ पासून इंग्लंडमध्ये नोकरी करणाऱ्या आईबापांना नऊ महिन्यांच्या बाळापासून आठवड्याला ३० तास फुकट नर्सरी मिळते. खरंय, पण आपल्या व्हिसावर एक ओळ असते, 'नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स', म्हणजे सरकारी मदतीवर हक्क नाही. ३० तासांसाठी दोघांपैकी एकाला तरी तो हक्क असायला लागतो. नवरा-बायको दोघंही व्हिसावर असतील तर संपलं. टॅक्स मात्र सगळ्यांइतकाच. मला हे अजून पटलेलं नाही. मूल तीन वर्षांचं झालं की पुढच्या टर्मपासून १५ तास सगळ्यांना मिळतात, आणि सरकारी शाळा फुकट, त्यामुळे ओढाताण मुख्यतः त्या मधल्या दोन-तीन वर्षांची.

"दवाखाना तर फुकट आहे ना?"

फुकट नाही, आधीच भरलेला असतो. व्हिसा अर्जाबरोबर इमिग्रेशन हेल्थ सरचार्ज भरावा लागतो, मोठ्या माणसाला वर्षाला १,०३५ पौंड, १८ खालच्याला ७७६, आणि जेवढ्या वर्षांचा व्हिसा तेवढा एकदम. भावाचं तिघांचं कुटुंब, तीन वर्षं: ८,५३८ पौंड. म्हणजे ९ लाख ८० हजार रुपये, विमानात पाय ठेवायच्या आधी. व्हिसाची फी तिघांची मिळून अजून अडीच लाखांच्या वर.

त्याच्या बदल्यात एनएचएस, म्हणजे इथली सरकारी आरोग्यसेवा मिळते. अपघात, बाळंतपण, मोठं ऑपरेशन असेल तर एक पैसा न घेता करतात आणि चांगलं करतात, आमची मुलगी तशीच झाली. पण आपल्याला सवय असते की गुडघा दुखला की थेट हाडाच्या डॉक्टरकडे, तसं इथे नाही. आधी जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर, तो म्हणेल पॅरासिटामॉल घे, मग वाट बघ. दातांचं तर बोलायलाच नको, बरेच जण रूट कॅनाल सुट्टीत गावी जाऊन करून येतात.

व्हिसा म्हणजे भाड्याचं घर समजा

यातलं सगळ्यात कमी लोकांना माहीत असलेलं म्हणजे तुमचा व्हिसा तुमच्या कंपनीला बांधलेला असतो. कंपनीकडे सरकारचं स्पॉन्सर लायसन्स असतं, ती तुमच्या नावाचं सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिप काढते, त्याला सगळे सीओएस म्हणतात. कागद पण नाही तो, एक नंबर असतो. २२ जुलै २०२५ पासून नियम कडक झाले: नवीन माणसाला साधारणपणे पदवी लेव्हलचंच काम हवं, आणि पगार ४१,७०० पौंड किंवा त्या कामाचा सरकारने ठरवलेला दर, यात जे जास्त असेल ते. शिकून नुकते बाहेर पडलेल्यांना आणि २६ च्या खालच्यांना थोडी सवलत आहे. ८ जानेवारी २०२६ पासून इंग्रजीची परीक्षा पण एक पायरी अवघड झाली.

नोकरी गेली तर साधारण ६० दिवस मिळतात, तेवढ्यात दुसरा स्पॉन्सर शोधा नाहीतर परत या. भाड्याचं घर मालकाने विकायला काढलं की आपली धावपळ होते ना, तसंच, फक्त सामानात मुलाची शाळा पण असते. म्हणून बँकेत सहा महिन्यांचा खर्च पडलेला असल्याशिवाय गावाकडच्या फ्लॅटचं बुकिंग करू नका, हे मी भावाला तीनदा सांगितलं.

आणि सीओएस विकत मिळतं असं कोणी सांगितलं, इस्लामपूरचा एजंट असो की लंडनचा, तर फोन ठेवा. सीओएसची फी आणि स्किल्स चार्ज (बाहेरचा माणूस आणला म्हणून सरकार कंपनीकडून घेतं ते पैसे) हे कंपनीने भरायचं असतं, तुमच्याकडून वसूल करता येत नाही. बारा-पंधरा लाख देऊन आलेले, आणि आल्यावर कंपनीच कागदावरची निघाली असे लोक मी ईस्ट हॅमला भेटलोय.

कायमचं राहायचं तर इतके दिवस पाच वर्षांनी अर्ज करता यायचा. मे २०२५ च्या श्वेतपत्रिकेत सरकारने ते सर्वसाधारणपणे दहा वर्षांवर न्यायचं म्हटलं. तेव्हा "पाच वर्षं काढू मग पासपोर्ट" हे गणित पक्कं धरून कोणी निघू नये.

"आता तर फ्री ट्रेड करार झालाय ना?"

हे काकांचंच. भारत-ब्रिटन व्यापार करारावर २४ जुलै २०२५ ला सह्या झाल्या, पण त्याने सरसकट नवीन व्हिसे उघडलेले नाहीत. नोकरदारांसाठी बोललं जातं ते शेजारच्या दुसऱ्या कराराबद्दल: भारतातल्या कंपनीने ठराविक काळासाठी इकडे पाठवलेल्या माणसाला इथला नॅशनल इन्शुरन्स भरायला लागू नये, पीएफ तिकडेच चालू राहावा. भावाला थेट इथल्या कंपनीने घेतलंय, त्याला त्याचा काही उपयोग नाही.

"एवढं असेल तर तुम्ही परत का येत नाही?"

हा ठरलेला प्रश्न. माझं उत्तर पैशाचं नाहीये. साडेपाचला ऑफिस सुटलं की सुटलं, बॉसचा फोन येत नाही. बस दीड तास ट्रॅफिकमध्ये उभी राहत नाही, आणि तासाभरात कितीही बस बदला, एकाच तिकिटाचे पैसे कापतात, २०२५ मध्ये १.७५ पौंड. मुलगी पार्कमध्ये एकटी धावते. डॉलिस हिलला महाराष्ट्र मंडळ आहे, १९३२ पासूनचं, गणपतीत तिथे गेलं की तीन तास कळत नाही आपण कुठे आहोत. पाहुणे आले की मी त्यांना किंग हेन्रीज रोडवरचं १० नंबरचं घर दाखवायला नेतो, जिथे बाबासाहेब शिकत असताना राहिले होते, २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने घेतलं ते. डिसेंबरमध्ये मात्र चारच्या आधी अंधार पडतो आणि त्या महिन्यात मी दरवर्षी परत जायचे फ्लाइट बघतो, जानेवारीत बंद करतो.

परवा भावाने ऑफर लेटरची पीडीएफ पाठवली. नवव्या पानावर बारीक अक्षरात होतं की दोन वर्षांच्या आत नोकरी सोडली तर कंपनीने भरलेला व्हिसाचा खर्च पगारातून वळता केला जाईल. मी त्याला म्हटलं, एचआरला तीनच गोष्टी विचार: हेल्थ सरचार्ज फक्त तुझा भरणार की तिघांचा, वळता करणार म्हणजे नक्की कुठला खर्च, आणि पहिल्या महिन्याला राहायची सोय आहे का. काल उत्तर आलं. सरचार्ज त्याचा एकट्याचा, कुटुंबाचा नाही. चार आठवडे कंपनीचं घर. आणि वसुलीच्या यादीत स्किल्स चार्ज पण घातला होता, तो त्याने नियम दाखवल्यावर काढला. आता तो सप्टेंबरमध्ये एकटा येतोय, खोलीत राहणार, बायको-मुलगी सहा महिन्यांनी. मावशीने फक्त एवढंच विचारलं की कुकर तीन लिटरचा देऊ की पाच, आणि मी सांगितलं तीनचा दे, आणि दोन रिंगा जास्तीच्या.